क्रोशेच्या तक्त्यातलं गोल चित्र विणल्यावर चपटं येत होतं, त्यावरचा उपाय

चौरस घरांच्या आलेखवहीवर (एक घर म्हणजे एक टाका) 40 टाके, 40 ओळींचं गोल फूल काढायचे आणि विणून झालं की ते बसकं, आडवं पसरलेलं दिसायचं. सुई बदलली, हात घट्ट केला, ओळी अंदाजाने वाढवल्या. तीनदा उसवलं, अगदी रडू आलं.

चूक कागदाची होती. सिंगल क्रोशेचा (क्रोशेतला साधा, बुटका टाका) टाका चौरस नसतो, उंचीपेक्षा रुंद असतो.

आधी त्याच दोऱ्याने, त्याच सुईने 15 सेंमीचा नमुना विणला. कडा सोडून मधल्या 10 सेंमीत मोजलं: 16 टाके, 20 ओळी. म्हणजे टाका 6.25 मिमी रुंद, 5 मिमी उंच, प्रमाण 5:4.

मग लिबरऑफिस कॅल्क या स्प्रेडशीट प्रोग्राममध्ये त्याच प्रमाणाची घरं आखली: 36 स्तंभ निवडून रुंदी 0.50 सेंमी, 65 ओळी निवडून उंची 0.40 सेंमी केली. सगळ्यांना बारीक किनार, दर दहावी रेघ जाड (मोजताना डोळा चुकत नाही). ए-फोर पान उभं, समास 1 सेंमी, हेडर-फूटर बंद. छापताना 'पानात बसवा' नको, स्केल 100 टक्केच.

या कागदावर वर्तुळ कंपासने काढा, तसंच विणलं जातं. दोरा किंवा टाका बदलला की नमुना मात्र पुन्हा मोजा.