पार्शल फ्रॅक्शनवर तुटून पडायच्या आधी

इकडे इंदूरात भंवरकुआच्या कोचिंगला जाणारी आपली मराठी पोरं वही घेऊन येतात ना, बहुतेकांचं एकच, इंटिग्रेशनमध्ये वर-खाली पॉलिनॉमियल दिसलं की लगेच पार्शल फ्रॅक्शन, म्हणजे खालच्या फॅक्टरांप्रमाणे त्याचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येकावर ए, बी, सी, डी मांडून मोकळे. अरे भिया, आधी खाली काय आहे ते तर बघ.

वरची डिग्री खालच्यापेक्षा कमी नसेल तर आधी भागाकार, हे पक्कं. मग खाली साधे वेगवेगळे फॅक्टर असले तर समीकरणं सोडवत बसू नका, (३क्ष+१)/((क्ष−१)(क्ष+३)) मध्ये क्ष−१ बोटाने झाका, उरलेल्यात क्ष=१ टाका, १ येतो, तसंच क्ष+३ झाकून क्ष=−३ टाकलं की २, म्हणजे उत्तर तोंडीच, लॉग|क्ष−१| + २लॉग|क्ष+३| + सी. वर १ आणि खाली (क्ष²+१)² असेल तर क्ष=टॅन थीटा, आत नुसता कॉस स्क्वेअर उरतो.

१/(क्ष(क्ष⁵+१)) ला मात्र पार्शल फ्रॅक्शन म्हणजे शुद्ध हमाली. वर-खाली क्ष⁴ ने गुणा, य=क्ष⁵ घ्या, दोन ओळींत (१/५)लॉग|क्ष⁵/(क्ष⁵+१)| + सी.

खरी मजा १/(क्ष⁴+१) ची. १७०२ मध्ये खुद्द लायब्निझ, कॅल्क्युलस शोधणाऱ्यांपैकी एक, इथे फसला, त्याला वाटलं याचे रिअल फॅक्टर पडतच नाहीत, पण पडतात, (क्ष²+√२क्ष+१)(क्ष²−√२क्ष+१). त्या वाटेनेही उत्तर येतं, फक्त पान भरतं. त्यापेक्षा वरच्या १ चे अर्धा[(क्ष²+१)−(क्ष²−१)] असे दोन तुकडे करा आणि दोन्हीकडे वर-खाली क्ष² ने भागा. पहिल्यात वर १+१/क्ष² येतं, ते क्ष−१/क्ष चं डेरिव्हेटिव्ह, तोच य धरला की खाली य²+२, म्हणजे टॅन इन्व्हर्स. दुसऱ्यात य=क्ष+१/क्ष, खाली य²−२, म्हणजे लॉग.

आता एक गोची, कोचिंगमध्ये घाईघाईत हे राहून जातं. (क्ष²+१)/(क्ष⁴+१) ला −१ ते १ लिमिट दिली आणि य=क्ष−१/क्ष सरळ टाकलं तर दोन्ही टोकांना य शून्य, उत्तरही शून्य! फंक्शन सगळीकडे पॉझिटिव्ह असून एरिया शून्य कसा येईल? क्ष=० ला य फुटतो, म्हणजे १/क्ष मुळे त्याला तिथे किंमतच नसते, म्हणून. अशा वेळी ० ते १ काढून दुप्पट करा, य मायनस इन्फिनिटीपासून शून्यापर्यंत जातो, आणि बरोबर उत्तर येतं पाय/√२.