लॅक्सटनची काळी-पांढरी: बांध नसलेलं शिवार कसं पाहावं

लॅक्सटनला पहिल्यांदा जाणारे बरेच जण शेताच्या कडेला उभे राहतात, समोर गव्हाचं एकच अवाढव्य रान बघतात आणि परत फिरतात. कुंपण नाही, बांध नाही, मग पाहायचं काय? पण त्या एकसलग रानात वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या पट्ट्या शेजारी शेजारी आहेत, आणि त्यांच्या हद्दी आजही गावचं न्यायालय राखतं. इंग्लंडच्या मोठ्या भागात अशी सामाईक शिवारं होती. पुढे ज्याच्या त्याच्या जमिनीला कुंपणं घातली गेली आणि ती शिवारं मोडली. नॉटिंगहॅमशरमधल्या या गावात मात्र व्यवस्था टिकली. ती समजून घ्यायला एक पूर्ण दिवस ठेवा.

निघण्याआधी दोन नकाशे बघा. पहिला 1635 सालचा. मार्क पियर्सने काढलेल्या या नकाशात पट्टी न् पट्टी दाखवलेली आहे. मूळ प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. दुसरा ऑर्डनन्स सर्व्हेचा 1:25,000 प्रमाणाचा. त्यात सार्वजनिक पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी दिसतात. त्यावर वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड ही तीन शिवारं पेन्सिलीने घेरून ठेवा. जुनी पट्टी आजच्या जमिनीवर जशीच्या तशी शोधू नका, कारण विसाव्या शतकात पट्ट्या एकत्र करून रुंद केल्या गेल्या.

मापं मराठी माणसाला सोपी जातात. फर्लांग म्हणजे मुळात नांगराच्या एका तासाची, म्हणजे एका सरीची लांबी, 220 यार्ड. एक फर्लांग लांब आणि 22 यार्ड रुंद जमीन म्हणजे एक एकर. आपल्या गुंठ्याची बाजू 33 फूट, म्हणजे 11 यार्ड. तेव्हा ही एकराची पट्टी 20 गुंठे लांब आणि 2 गुंठे रुंद, झाले 40 गुंठे. प्रत्यक्षात पट्ट्या उताराप्रमाणे कमीजास्त असायच्या, पण अंदाजाला हे माप पुरतं. साधारण 270 पावलं चाला, म्हणजे एक फर्लांग पायाखालून जाईल.

सुरुवात शेतात नको, पांढरीत, म्हणजे गावठाणात करा. डव्हकोट इन या पबजवळ छोटं संग्रहालय आहे. ते कधी उघडं असतं ते आधी विचारून घ्या. मग मुख्य रस्त्याने चालत घरं बघा. जुन्या शेतघरांची लांब बाजू नव्हे, तर त्रिकोणी भिंत रस्त्याकडे असते, आणि मागे कोठार व लांबलचक परडं. शेतकऱ्यांची घरं गावातच का? प्रत्येकाच्या पट्ट्या तिन्ही शिवारांत विखुरलेल्या, त्यामुळे काळीत, म्हणजे शेतजमिनीत, एका जागी घर बांधून काही साधत नव्हतं. इतर गावांत कुंपणं घातली गेल्यावर बरेच शेतकरी आपापल्या रानात राहायला गेले. भटक्या गुरांसाठी कोंडवाडा होता, तोही बघा. सेंट मायकेलच्या चर्चमध्ये एव्हरिंगहॅम घराण्याच्या समाधी-मूर्ती आहेत. त्यांतली एका स्त्रीची मूर्ती ओक लाकडाची आहे. गावाच्या उत्तरेला नॉर्मन किल्ल्याची मातीची टेकडी आहे. तिथून गाव आणि रानाची मांडणी एकदम उलगडते.

आता काळी. पिकांची फेरपालट तीन वर्षांची: एका शिवारात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, आणि तिसरं पूर्वी पडीक. आता तिथे चाऱ्याचं गवत घेतात. गव्हाच्या शिवाराच्या कडेने पायवाटेवरूनच उकिडवे बसा आणि ओळींच्या दिशेने नजर टाका. जिथे दोघांची पेरणी भेटते तिथे ओळींचं अंतर जुळत नाही, हिरवा रंग बदलतो, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या तुटतात. तोच सांधा, तीच हद्द. सूर्य डोक्यावर असताना यातलं काही दिसत नाही. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. तिरप्या उन्हात गवताळ कुरणांत जुन्या नांगरटीचे वरंबे आणि सऱ्याही उठून दिसतात. त्यांचा आकार उलट्या एस अक्षरासारखा, कारण लांब बैलजोत वळवायला टोकाच्या आधीपासूनच कलतं घ्यावं लागे.

मध्ये न नांगरलेले गवताचे पट्टे लागतील. त्यांना साइक म्हणतात. नवखा माणूस त्यांना दुर्लक्षित पडीक समजून तुडवत जातो, ही नेहमीची चूक. ओल किंवा चढ असल्याने तिथे नांगर चालत नाही. तिथलं गवत कापायचा हक्क लिलावात जातो, आणि रानफुलांमुळे हे पट्टे संरक्षितही आहेत. फुलं बघायची तर जून गाठा.

हद्दी बघायच्या तर नोव्हेंबर-अखेर. एका गुरुवारी गावची ज्युरी, म्हणजे पंचमंडळी, गव्हाचं शिवार फिरते, हद्दीवर लाकडी खुंट्या ठोकते आणि कुणी रस्त्यात किंवा साइकमध्ये नांगर घातला आहे का ते तपासते. आपल्याकडे बांध कोरणं म्हणतात, तोच गुन्हा. आठवड्याभराने कोर्ट लीट, म्हणजे गावचं न्यायालय भरतं, दंड ठरतो आणि पुढच्या वर्षाची ज्युरी नेमली जाते. 1977 च्या कायद्याने अशा बहुतेक जुन्या न्यायालयांचे अधिकार संपवले, लॅक्सटनचे राहिले. मालकी मात्र बदलत गेली: 1952 मध्ये अर्ल मॅनव्हर्सकडून कृषी मंत्रालयाकडे, 1981 मध्ये क्राउन इस्टेटकडे, 2020 मध्ये थोर्सबी इस्टेटकडे. हा दिवस गावाच्या कामाचा असतो. बघायला जायचं तर आधी परवानगी विचारा, खुंट्यांना हात लावू नका आणि गाडी शेतरस्त्यात उभी करू नका.

जमीन तांबड्या चिकणमातीची आहे. पावसानंतर साध्या बुटांना तिचे गोळेच चिकटतात, चालणं निम्म्यावर येतं. घोट्यापर्यंतचे पाणी न शिरणारे बूट घाला, आणि पबमध्ये जेवायला जाण्याआधी ते बाहेरच खरडून घ्या.