ऑडिट ट्रेल नुसता चालू ठेवू नका, उघडून बघा

ऑडिट ट्रेल म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी, कधी, काय बदललं याची आपोआप होणारी नोंद. आधी प्रत्येकाला वेगळा लॉगिन द्या, कारण चौघं जण एकाच अ‍ॅडमिन पासवर्डने एन्ट्र्या मारत असतील तर ट्रेलमध्ये सगळीकडे अ‍ॅडमिनच दिसणार आणि बिल नक्की कोणी बदललं ते कधीच कळणार नाही. मग सेटिंगमध्ये ट्रेल चालू आहे का बघा, काही सॉफ्टवेअरमध्ये तो आपण चालू करावा लागतो आणि त्याआधीचे बदल परत मिळत नाहीत.

आता आठवड्यातून एकदा रिपोर्ट उघडा, पण सगळं वाचत बसू नका, फिल्टर लावा. डिलीट झालेली व्हाउचर म्हणजे व्यवहारांच्या नोंदी, मागच्या तारखेच्या एन्ट्र्या आणि पार्टीचा (ग्राहक किंवा पुरवठादाराचा) बदललेला बँक खाते नंबर, हा शेवटचा तर चुकवूच नका, पैसे थेट दुसरीकडे जातात.

समजा दिसलं, जुनी रक्कम ४८,५००, नवी ४५,८००, वेळ रात्री ११:४०. आकडे उलटसुलट झाले असतील, तरी त्या वेळी कोण बसलं होतं ते विचाराच. लगेच आरोप नको, आधी मूळ बिल काढून ताडून बघा.

महिना क्लोज झाला की पिरियड लॉक करा, म्हणजे त्या महिन्याच्या एन्ट्र्या बदलता येणार नाहीत; ट्रेल बदल फक्त नोंदवतो, थांबवत नाही.