चाळणी झालेलं पान आधी तोडा, टॉनिकचं नंतर बघू

रिपरिप थांबून ऊन पडलंय. दिंडोरी, गिरणारे, निफाडकडच्या टोमॅटोवाल्यांनी उद्या सकाळी आधी प्लॉटमध्ये उतरावं, औषधाच्या दुकानात नंतर. अशा उघडिपीत स्पोडोप्टेराचा (पानं खाणाऱ्या अळीचा) पतंग पानामागे अंड्यांचा पुंजका घालतो. एका पुंजक्यात दोनशे-तीनशे अंडी, वर तपकिरी केसांचं पांघरूण. तीन ते पाच दिवसांत अळ्या निघतात आणि सुरुवातीला साऱ्या त्याच पानावर गोळा होऊन हिरवा भाग खरवडतात. पान पांढरट, चाळणीसारखं दिसतं. ते एक पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवलं की अख्खा पुंजका संपला. आठवडाभर दुर्लक्ष झालं तर अळ्या पांगतात, दिवसा मातीत दडतात, रात्री खातात. मग पंपामागून पंप रिकामे होतात. हातचे गेलेले जेवढे प्लॉट पाहिले, त्यातल्या बहुतेकांत हे पहिलं पान कोणी पाहिलेलंच नव्हतं.

शेजारच्या झाडाला मात्र त्याची खबर लागलेली असते. अळीने पान कुरतडलं की हिरवा वास सुटतो, गवत कापल्यावर येतो तसला. जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं, की याच अळीने खाल्लेल्या टोमॅटोतून सुटणारं हेक्सेनॉल शेजारचं झाड पानात ओढून घेतं, त्याला साखर जोडतं आणि अळीला न मानवणारं द्रव्य तयार करतं. तशा पानावर अळ्या कमी वाढतात, मरतातही जास्त. मक्याचं तर १९९० पासून माहीत आहे: अळीची लाळ लागली की झाड जो वास सोडतं, त्यावर अळीत अंडी घालणारी बारीक गांधीलमाशी येते. आपण त्याच वेळी स्वस्तातलं जहाल पायरेथ्रॉईड कीटकनाशक मारून तिलाच आधी संपवतो.

पण झाडाच्या भरवशावर राहू नका. वास फार लांब जात नाही, वारा तो उडवून नेतो. वाऱ्याखालच्या दोन-तीन ओळी कमी खाल्लेल्या दिसतात असा माझा अंदाज आहे, मोजलेलं नाही.

पांढऱ्या माशीचं तर उलटंच. २०१९ च्या संशोधनात दिसलं, की माशी बसलेल्या टोमॅटोचा वास शेजाऱ्याला किडीऐवजी रोगाच्या तयारीला लावतो आणि माशीपुढे ते झाड आणखी नरम पडतं. माशीने आणलेल्या विषाणूने पानं आकसून बोकडलेलं झाड ‘सुधारेल’ म्हणून ठेवू नका, उपटून पिशवीत भरून बाहेर न्या.

आता ‘झाडाची प्रतिकारशक्ती जागवणारी’ टॉनिकची बाटली दुकानदार पुढे करेलच. गेल्या साली मीही घेतली. पानं तकतकीत झाली, अळ्याही तितक्याच तकतकीत.

फवारायचंच तर अळ्या बारीक असताना, संध्याकाळी ५ टक्के निंबोळी अर्क: ५ किलो कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून १०० लिटर पाण्याला. फळ पोखरणाऱ्या अळीचा जोर असेल तर क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ एससी, १० लिटरला ३ मिली. त्यानंतर ३ दिवस फळांचा तोडा नाही. लेबल वाचा, दुकानदाराच्या ‘थोडं जास्त टाका’कडे कानाडोळा करा.

बाकी कामं:
– चर मोकळे, पाण्याचा निचरा
– तार-बांबू, सुतळीची बांधणी
– जमिनीला टेकलेली पानं काढणं
– एकरी ५ कामगंध सापळे, त्यातलं ल्युअर (गंधाचं आमिष) स्पोडोप्टेराचंच
– बांधावर सापळा म्हणून एरंडी; तिच्याही पानामागे बघणं
– युरिया हात राखून

फेरी दर तिसऱ्या दिवशी, बांधाकडच्या ओळीपासून, बादली सोबत घेऊन. तोडलेली पानं बांधावर फेकली तर पान सुकायच्या आत अळ्या उतरून परत ओळीत येतात.