ड्रेस्डेनहून दीड दिवसाचं प्राग

ड्रेस्डेनला मास्टर्स करायला आल्यावर पहिल्याच सेमिस्टरमध्ये सगळ्यांना प्रागचं वेड लागतं. लागू दे. थेट गाडीने सुमारे अडीच तास, म्हणजे पुणे-मुंबईपेक्षा कमी. मी आतापर्यंत तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा सगळं चुकवलं, म्हणून हे लिहितेय.

तिकीट दोन-तीन आठवडे आधी काढा आणि जर्मन रेल्वेच्या साइटसोबत चेक रेल्वेचीही साइट बघा. तीच गाडी तिथे बऱ्याचदा स्वस्त पडते. जाताना डाव्या खिडकीला बसा, एल्ब नदी आणि वाळूखडकाचे कडे त्याच बाजूला येतात. पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड दोन्ही मूळ प्रतीच हव्यात. परतीच्या गाडीत पोलीस चढू शकतात, आणि मोबाइलमधला फोटो त्यांना चालत नाही.

आता पैसे. चेक प्रजासत्ताकात युरो नाही, कोरुना. एका युरोला साधारण 24-25 कोरुना, हा आकडा डोक्यात ठेवूनच गाडीतून उतरा. मी तो न ठेवता उतरले आणि 'शून्य कमिशन' अशी ठळक पाटी लावलेल्या एका खिडकीत 50 युरो दिले. हातात 900 कोरुना आले. कमिशन खरंच शून्य होतं, खड्डा सगळा दरात होता! हॉस्टेलच्या काउंटरवरच्या मुलाने पावती बघितली, घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "पळ." 2019 पासून तिथे कायदा आहे: 1000 युरोपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. मी पावती घेऊन धावत परत गेले. खिडकीतल्या बाईंनी कपाळाला आठ्या घालून का होईना, माझी 50 ची नोट परत दिली. म्हणून पावती फेकू नका. खरं तर रोख बदलायची गरजच फारशी पडत नाही, बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं. एटीएममधून काढलेच तर मशीन 'युरोमध्ये रूपांतर करू का' असं गोड बोलून विचारतं, त्याला नाही म्हणा.

शहरात 24 तासांचा पास घ्या. मेट्रो, ट्राम, बस सगळ्यांत चालतो. कागदी तिकीट असेल तर पहिल्या प्रवासाला पिवळ्या मशीनमध्ये छापून घ्यायला विसरू नका. तिकीट तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि 'मला माहीत नव्हतं' हे त्यांनी सगळ्या भाषांत ऐकलेलं असतं.

कुठला दिवस कशाला, हे इथे फार महत्त्वाचं. किल्ल्यातलं सेंट व्हिटस कॅथेड्रल रविवारी दुपारी बारापर्यंत पर्यटकांना बंद, आणि ज्यू म्युझियम शनिवारी बंद. म्हणजे किल्ला शनिवारी, ज्यू वस्ती रविवारी. मी नेमकं उलटं केलं होतं.

शनिवारी बॅग हॉस्टेलवर टाकून मालोस्त्रान्स्का मेट्रोजवळून 22 नंबरची ट्राम पकडा, थेट किल्ल्याच्या वरच्या बाजूला उतरवते. सगळे पायऱ्या चढत धापा टाकत येतात, आपण उतरत जायचं. अंगणांत फिरायला तिकीट लागत नाही, आतल्या वास्तूंना लागतं. 26 वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांना सवलत आहे, ओळखपत्र ठेवा. कॅथेड्रलचं बांधकाम 1344 मध्ये सुरू झालं आणि 1929 मध्ये संपलं. आमच्या कॉलनीतल्या नाट्यगृहाबद्दल मी आता तक्रार करत नाही.

संध्याकाळी वेन्सेस्लास चौक. तिथे बाटाची काचेची इमारत आहे, 1929 ची. आईला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन, "अगं, बाटा आपलाच ना?" नाही आई, तोमाश बात्या इथल्या झ्लीनचा. चौकाच्या वरच्या टोकाला राष्ट्रीय म्युझियमसमोर फरशीतून वर येऊ पाहणारा कांस्याचा क्रूस आहे. 1968 च्या सोव्हिएत आक्रमणानंतरच्या जानेवारीत, 1969 मध्ये, यान पालाख या विद्यार्थ्याने तिथे स्वतःला पेटवून घेतलं. वीस वर्षांचा होता. लोक न बघता त्यावरून चालत जातात, जरा खाली बघून चाला.

खाण्याचं. शाकाहारी असाल तर 'स्मझेनी सीर', म्हणजे तळलेलं चीज, आणि 'ब्रामबोराक', म्हणजे लसूण घातलेलं बटाट्याचं धिरडं. 'बेझ मासा', मांसाशिवाय, हे शब्द पाठ करा. जुन्या चौकातल्या गाड्यांवर हॅमचा भाव 100 ग्रॅमचा असतो, आणि ते मोजतात मोठा तुकडा. नळकांड्यासारखा तो गोड पाव, त्रदेल्निक, जुना प्रागचा पदार्थ म्हणून विकतात. तो तसा नाही. तरी एकदा खा, पण आइस्क्रीम न भरलेला.

1410 चं खगोलीय घड्याळ रात्री दहाला बघा, गर्दी निम्म्यावर येते. प्रेषितांच्या बाहुल्या जेमतेम पाऊण मिनिट फिरतात, त्यात विशेष काही नाही. बघायची ती तबकडी: राशींचं चक्र, आणि बाहेरच्या कड्यावर सूर्यास्तापासून मोजलेले जुने चेक तास. आपल्या घटका सूर्योदयापासून मोजायच्या, यांचे तास सूर्यास्तापासून.

रविवारी उजाडायच्या आत चार्ल्स पुलावर. 1357 चा पूल, दिवसा धक्काबुक्की, पण सहा-साडेसहाला फक्त फोटोवाले आणि एखादं लग्नाळू जोडपं. सेंट जॉनच्या पुतळ्याखालची पितळी पट्टी हात लावून लावून देवळातल्या कासवाच्या पाठीसारखी गुळगुळीत झालीय. मग नाश्ता, आणि नऊला ज्यू दफनभूमी. जागा कमी म्हणून थरावर थर पुरलेले, त्यामुळे सुमारे 12,000 दगड एकमेकांवर कलंडलेले. तिकीट महाग आहे, पण पैसे एकाच ठिकाणी खर्च करायचे तर इथे करा.

शेवटी लेत्ना बागेत चढा, व्ल्तावा नदीवरचे पूल ओळीने दिसतात. परतीच्या गाडीसाठी मुख्य स्टेशनला उलटं जाऊ नका, होलेशोवित्सेलाही ती थांबते आणि ते बागेतून जवळ आहे. दुकानातून चार रोहलिक पाव आणि चीज घ्या. येताना एल्ब उजवीकडे असते, आणि हिवाळ्यात चारनंतर काही दिसत नाही, तेव्हा दुपारचीच गाडी पकडा.