३० सप्टेंबरच्या आत: प्लेटिंग कारखान्याच्या पर्यावरण विवरणपत्राची तयारी

पाणी कायदा, हवा कायदा किंवा धोकादायक कचऱ्याचे नियम यांखाली ज्याला संमती किंवा अधिकारपत्र लागते, अशा प्रत्येक कारखान्याला ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचे पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म पाच, ३० सप्टेंबरपर्यंत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यावे लागते. फॉर्म भरायला दोन तास पुरतात. महिना जातो तो वर्षभर ठिकठिकाणी पडलेले आकडे गोळा करून त्यांचा ताळा जमवण्यात. म्हणून जुलैत सुरुवात करा. धोकादायक कचऱ्याचा फॉर्म चार ३० जूनला गेलेला असतो आणि तोच आकडा इथे पुन्हा द्यायचा असतो. भोसरी, चाकण किंवा वाळूजच्या एमआयडीसीत जस्त, निकेल, क्रोमचे प्लेटिंग करणारा मध्यम कारखाना डोळ्यांसमोर ठेवून पुढचे लिहिले आहे.

सगळ्यात आधी चालू संमतीपत्र टेबलावर घ्या. मुदत, उत्पादनाचे नाव आणि क्षमता, सांडपाण्याची रोजची मर्यादा आणि धोकादायक कचऱ्याचे प्रकार प्रमाणासह, एवढ्या चार गोष्टींवर खूण करा. संमतीत क्षमता महिन्याला टनांत असते आणि उत्पादन विभाग मात्र चौरस मीटर किंवा नगांत मोजतो. रूपांतराचा एकच आकडा ठरवा, लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षीही तोच वापरा. उत्पादन मंजूर क्षमतेच्या वर गेलेले दिसले तर फॉर्म बाजूला ठेवून संमती वाढवून घेण्याचा अर्ज आधी करा. गेल्या वर्षीच्या फाइलवर नुसती तारीख बदलण्याची सवय फार जुनी आहे, आणि मंडळाच्या माणसाला ती पहिल्या पानावरच कळते.

मग पाणी. एमआयडीसीची बारा बिले, टँकरच्या पावत्या आणि बोअर असेल तर त्याच्या मीटरच्या नोंदी काढा. बिलाचा महिना आणि आर्थिक वर्ष जुळत नाहीत, म्हणून १ एप्रिल आणि ३१ मार्चचे मीटर वाचन वेगळे लिहिलेले असावे. नसेल तर जवळच्या दोन वाचनांवरून दिवसांच्या प्रमाणात काढा आणि तसे काढले आहे हे टिपून ठेवा. आता ताळा घाला. रोज ४० घनमीटर पाणी आत येत असेल, त्यातले ८ कँटीन-संडासाला आणि ९ कूलिंग टॉवर व गरम टाक्यांतून वाफ होऊन जात असेल, तर ईटीपीकडे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेकडे, २३ च्या आसपास जायला हवे. लॉगबुकात ३० असेल तर एक तर मीटर चुकतो आहे किंवा पावसाचे पाणी नाल्यातून ईटीपीत शिरते आहे. लॉगबुकात वर्षभर रोज २२.० लिहिलेले असेल तर तो त्याहून मोठा घोटाळा. सुट्टीच्या दिवशीही २२.० भरते तेव्हा मीटर बंद आहे हे कुणीही सांगेल. ईटीपीला वेगळा विजेचा मीटर असेल तर त्याचे युनिट आणि प्रवाह महिन्यावार शेजारी लिहा. एक वाढले आणि दुसरे हलले नाही, तो महिना तपासा.

धातूंचा हिशेब बहुतेकजण टाळतात, आणि खरी गडबड तिथेच उघडी पडते. खरेदी विभागाकडून क्रोमिक अ‍ॅसिड आणि सोडियम मेटाबायसल्फाइटची वर्षाची खरेदी मागवा. समजा ६०० किलो क्रोमिक अ‍ॅसिड आले. त्यात ५२ टक्के, म्हणजे ३१२ किलो क्रोमियम. त्यातले निम्मे जॉबला, म्हणजे प्लेटिंग होणाऱ्या वस्तूला, चिकटून धुण्याच्या पाण्यात उतरते असे धरले, तर १५६ किलो ईटीपीत आले. एक किलो सहासंयुजी, म्हणजे जास्त विषारी, क्रोमियम कमी विषारी त्रिसंयुजी रूपात आणायला हिशेबाने सुमारे २.७५ किलो मेटाबायसल्फाइट लागते, प्रत्यक्षात त्याहून जास्तच. म्हणजे किमान ४३० किलो. खरेदी २०० किलोची असेल तर प्रक्रिया झाली कशी, याचे उत्तर तयार हवे. गाळाचेही तसेच. एक किलो क्रोमियममागे सुमारे दोन किलो कोरडा हायड्रॉक्साइड होतो. फिल्टर प्रेसमधून ७० टक्के ओलावा घेऊन निघालेला चोथा साडेसहा किलोच्या घरात जातो. १५६ किलोला हा गाळ एक टनाच्या वर झाला. चुना, निकेल आणि जस्ताचा गाळ निराळा. फॉर्ममध्ये वर्षाला ४०० किलो दाखवून कसे चालेल?

ईटीपी पाहताना क्रोमच्या टाकीचा पीएच २ ते ३ मध्ये आहे ना, ते बघा. तीनच्या वर सहासंयुजीचे त्रिसंयुजी होण्याची क्रिया इतकी मंदावते की मेटाबायसल्फाइट ओतत राहूनही पिवळेपणा जात नाही. पाणी हिरवट झाले की मग चुना किंवा कॉस्टिक घालून गाळ बसवायचा. क्रोमियम पीएच ८ ते ८.५ ला चांगले बसते, निकेलला १० च्या आसपास लागतो, आणि फार वर गेले तर क्रोमियम पुन्हा विरघळू लागते. क्रोम आणि निकेलचे दोन्ही ओघ एकाच टाकीत एकाच पीएचला उरकले की दोहोंपैकी एक धातू निसटतो. मग ‘प्रयोगशाळा चुकली’ अशी ओरड होते. सायनाइडची टाकी वापरात असेल तर तिचे पाणी आम्लाच्या पाण्यापासून शेवटपर्यंत वेगळे हवे. दोन्ही एकत्र आली तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. नाल्यावरच्या जाळ्या उचलून खाली कुठे जोड निघतो का, ते स्वतः पाहा.

प्रयोगशाळेचे अहवाल आले की प्रदूषणाचा भार काढा. मिलिग्रॅम प्रति लिटरला रोजच्या घनमीटरने गुणून १००० ने भागले की दिवसाचे किलो येतात. सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन, १८० आणि प्रवाह २२ असेल तर ३.९६ किलो. १००० ने भागायचे राहून गेलेले फॉर्म दरवर्षी निघतात. तुलना संमतीपत्रातल्या मर्यादेशी करा, कारण ती साधारण मानकांपेक्षा कडक असू शकते. सहासंयुजी क्रोमियमची मर्यादा साधारण मानकांतच लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. बीओडीचा, म्हणजे जिवाणूंना घाण खाताना लागणाऱ्या ऑक्सिजनच्या चाचणीचा, नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. तेल-ग्रीसचा नमुना रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत घ्या, कारण प्लास्टिकला तेल चिकटून बसते आणि आकडा खोटाच कमी दिसतो.

धोकादायक कचऱ्याच्या शेडला छप्पर, न झिरपणारी फरशी, कडेने बंधारा आणि सांडलेले खड्ड्यात जाईल असा उतार हवा. लेबल चमकदार पिवळ्या जमिनीवर, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत, पावसाने न धुपणारे. ९० दिवसांपेक्षा जास्त साठा ठेवता येत नाही. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा निघणाऱ्या लहान कारखान्यांना मंडळ १८० दिवसांपर्यंत मुभा देऊ शकते. वापरलेल्या तेलाचे पिंप ५.१, रिकामी रसायनांची पिंपे ३३.१ आणि ईटीपीचा गाळ ३५.३, असे नियमांतल्या प्रकार-क्रमांकांनुसार वेगळे ठेवा. मॅनिफेस्टच्या, म्हणजे कचऱ्याच्या गाडीसोबत जाणाऱ्या नोंदपत्राच्या, सात प्रतींपैकी पिवळी तुमच्याकडे राहते आणि निळी माल पोचल्यावर विल्हेवाट केंद्राकडून परत येते. तळोजा किंवा रांजणगावच्या विल्हेवाट केंद्राला गेलेल्या प्रत्येक गाडीची निळी प्रत फाइलला आहे का, ते एकेक करून पाहा. हरवलेली निळी प्रत सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मिळत नाही. तिकडच्या काट्यावरचे वजन आणि तुमचे वजन यांत ओलाव्यामुळे थोडा फरक पडतो. दोन्ही नोंदवा, पण फॉर्म चार आणि पाचमध्ये एकच वापरा.

जनरेटरची चिमणी पटकन बघून घ्या. इमारतीच्या उंचीवर ०.२ गुणिले जनरेटरच्या क्षमतेचे, म्हणजे केव्हीएचे, वर्गमूळ, म्हणजे २५० केव्हीएला छपरापासून ३.२ मीटर. डिझेलच्या पावत्या मात्र जपा. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केल्यावर मोठे खरेदीदार पुरवठादारांकडेही वीज, पाणी, डिझेल आणि कचऱ्याचे आकडे मागू लागले आहेत. लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, या हिशेबाने खरेदीदाराने मागितलेला डिझेलचा रकाना पावत्यांवरून भरता येतो. खरेदीदाराला दिलेला पाण्याचा आकडा आणि फॉर्म पाचमधला आकडा वेगळे निघाले तर खुलासा दोन्ही दारी द्यावा लागेल.

शेवटच्या भागांत पाणी-वीज बचतीचे उपाय आणि पुढच्या वर्षीची गुंतवणूक विचारली आहे. तिथे ‘लागू नाही’ लिहू नका. धुण्याच्या टाक्या उलट्या ओघाने, म्हणजे पाणी जॉबच्या उलट दिशेने एका टाकीतून दुसरीत जाईल अशा, जोडल्या असतील तर आधीचा आणि नंतरचा पाणीवापर द्या, खर्च लिहा. अपलोड झाल्यावर पोचपावती काढून संमतीपत्राच्या फाइलला लावा.