भिंतीवरचा शिकारी कोळी ओळखताना या चुका टाळा

सोलापुरात पहिले पाऊस झाले की मोबाइलवर फोटो यायला लागतात. न्हाणीघराची भिंत, लाइटच्या मीटरची मागची बाजू, यंत्रमागाच्या शेडमधला एखादा अंधारा कोपरा आणि तिथे पाय पसरून बसलेला भलामोठा तपकिरी कोळी. खाली प्रश्न ठरलेला: "हा कुठला? विषारी आहे का?" उत्तरंही पटापट येतात. कुणी टॅरँटुला म्हणतं, कुणी ऑस्ट्रेलियातला राक्षसी कोळी. बहुतेक वेळा तो हंट्समन निघतो, म्हणजे स्पारासिडी कुळातला, जाळं न विणता दबा धरून झडप घालणारा कोळी. या एका कुळात जगभरात १,४०० हून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. त्यामुळे "हंट्समन आहे" असं म्हटलं की जात ओळखायचं काम संपत नाही, ते तिथून सुरू होतं. आणि पुढच्या चुका नेमक्या तिथेच होतात.

रंगावरून नाव ठरवणं

इथे बराच घोटाळा होतो. कात टाकल्यावर काही तास कोळी फिकट आणि मऊ असतो, मग त्याचा रंग गडद होतो. अंडी भरलेल्या मादीचं पोट फुगतं आणि पोटावरची नक्षी ताणली जाते. एकाच जातीचे नर-मादी वेगळे दिसतात. ऑलिओस वंशातले काही हंट्समन जिवंतपणी हिरवट असतात, पण स्पिरिटमध्ये ठेवले की हिरवा रंग उडून जातो. मग तोच नमुना पाहणारा माणूस "पिवळट कोळी" अशी नोंद करून मोकळा होतो. रंग लिहून ठेवावा, त्याचा फोटोही घ्यावा. मात्र निर्णय त्याच्यावर सोडू नये.

चेहरा न बघणं

माझ्याकडे येणारे बहुतेक फोटो वरून काढलेले असतात. पाठ दिसते, पाय दिसतात, पण जिथे खरी खूण असते तो चेहराच दिसत नाही. कोळ्यांचं कूळ ओळखायचं तर आधी डोळ्यांची मांडणी बघायची. हंट्समनला आठ डोळे असतात, चार-चारच्या दोन रांगांत. माळावर आणि शेताच्या बांधावर धावणाऱ्या लांडगा कोळ्यांचे, म्हणजे लायकोसिडी कुळाचे, खाली चार बारीक डोळे, त्यांच्यावर दोन ठळक मोठे आणि मागे आणखी दोन, अशा तीन रांगा दिसतात. जुन्या दगडी भिंतींच्या फटींत राहणारा सेलेनॉप्स तर हंट्समनचा जुळा भाऊच वाटतो. तोही चपटा, तोही विलक्षण चपळ. पण त्याचे सहा डोळे पुढे एका रांगेत असतात आणि दोन मागे कडेला. नावात चूक होण्याचं हे माझ्या मते सर्वांत मोठं कारण आहे, आणि समोरून काढलेला एक स्पष्ट फोटो ती चूक मिटवतो.

टॉर्चच्या उजेडात डोळे चमकले म्हणून तो लांडगा कोळी, असंही ठरवू नका. हंट्समनचेही डोळे चमकतात.

फोटो काढायची सोपी रीत अशी: पारदर्शक प्लास्टिकचा डबा हळूच कोळ्यावर ठेवा, जुनी लग्नपत्रिका खालून सरकवा आणि डबा उजेडात न्या. वरून, समोरून, बाजूने आणि डब्याच्या पारदर्शक तळातून पोटाकडून, असे चार फोटो घ्या. मग जिथून उचलला तिथेच सोडून द्या. हातात धरायला जाऊ नका. हंट्समनचे पाय सहज सुटतात आणि एखादा पाय नसलेला कोळी पाहून पुन्हा गैरसमज होतात.

पायांचीही एक खूण आहे. खेकड्यासारखे हे पाय बाजूला वळलेले असतात, म्हणून हा कोळी कॅलेंडरच्या मागच्या अरुंद फटीतही सपाट बसतो. पण सेलेनॉप्सचे पाय तसेच असतात, तेव्हा तेवढ्यावर थांबू नका. स्पारासिडी कुळाची पक्की खूण पायाच्या शेवटच्या दोन भागांमधल्या सांध्यावर, वरच्या बाजूला असते: तीन पाकळ्यांचा मऊ पडदा. त्यामुळे पायाचं टोक वरच्या दिशेनेही वाकतं. मेलेल्या नमुन्यात चांगल्या भिंगाखाली तो दिसतो. फोटोत तो शोधत बसण्यात अर्थ नाही.

लांबी कुठून कुठपर्यंत ते न सांगणं

"चार इंची कोळी" म्हणजे काय? पुस्तकांत दिलेली लांबी पाय सोडून फक्त शरीराची असते. आपल्या घरांतला नेहमीचा हंट्समन म्हणजे हेटेरोपोडा व्हेनेटोरिया. त्याच्या मादीचं शरीर साधारण २२ ते २८ मिलिमीटर, पण पायांचा पसारा ७ ते १२ सेंटीमीटर. हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की साधा घरकोळी "महाकाय" होतो. भिंतीवर कोळ्याशेजारी दहा रुपयांचं नाणं धरून फोटो घ्या; ते २७ मिलिमीटरचं असतं. पायांचा पसारा ३० सेंटीमीटरपर्यंत जाणारी हेटेरोपोडा मॅक्झिमा ही जात खरीच आहे, पण ती लाओसमधली. तिचं वर्णन २००१ मध्ये झालं. ती सोलापूरच्या मोरीत निघणार नाही.

पिल्लाची जात सांगणं

इथे कोळ्यांचे अभ्यासकसुद्धा हात टेकतात. जात पक्की करायला प्रौढ कोळी लागतो, कारण खात्रीचा फरक जननेंद्रियांच्या रचनेत असतो. नराच्या तोंडाजवळच्या दोन आखूड पायांची टोकं फुगीर आणि गुंतागुंतीची झालेली असतील तर तो प्रौढ. मादीची खूण पोटाखाली, पुढच्या भागात मध्यावर असते आणि ती प्रौढ झाल्यावरच पूर्ण तयार होते. त्याआधीच्या कोळ्याला कूळ आणि फार तर वंश देता येतो.

भिंतीवर सापडलेली कात पाहून जात सांगणं तर आणखी धोक्याचं. अशा कोळ्यांची शेवटची कात प्रौढ होतानाची असते, म्हणून सापडलेली कात अपक्व कोळ्याची असते. तिच्यावर डोळ्यांची मांडणी छान दिसते, तेवढी नोंदवा.

घरात दिसला म्हणजे व्हेनेटोरियाच, असं धरून चालणं

बहुतेकदा तो तोच असतो, तरीही खुणा जुळवून बघा. डोळ्यांच्या खाली आडवी फिकट पिवळसर पट्टी. शिरोवक्षाच्या, म्हणजे डोकं-छाती एकत्र असलेल्या पुढच्या भागाच्या, मागच्या बाजूला फिकट कड. पायांवर काळे ठिपके आणि त्यांतून निघालेले काटे. नर सडपातळ, पाय जास्त लांब, पोटावर मधोमध गडद उभा पट्टा. पुढच्या रांगेतले कडेचे दोन डोळे मधल्या दोघांपेक्षा मोठे. ऑलिओसमध्ये सहसा मधले डोळे कडेच्यांइतके किंवा त्यांहून मोठे असतात, आणि तो घरापेक्षा झाडाझुडपांवर, दुमडलेल्या पानांत जास्त सापडतो.

अंड्यांची पिशवीही उत्तम पुरावा देते. व्हेनेटोरियाची मादी दोन-अडीच सेंटीमीटरची चपटी, गोल पिशवी पोटाखाली धरून फिरते. लांडगा कोळ्याची मादी ती मागे सूत काढणाऱ्या अवयवांना चिकटवून ओढते, आणि पिल्लं बाहेर आल्यावर ती तिच्या पाठीवर चढतात. छताच्या कोपऱ्यात लांब काडीसारख्या पायांनी लटकणारे कोळी पिशवी तोंडात धरतात. ऑलिओसची मादी पानांत घर करून अंड्यांपाशीच बसते. पिशवी कुठे होती हे लिहिलं नाही तर हा सगळा पुरावा वाया जातो.

बोलीभाषेतल्या नावावर भिस्त ठेवणं

केळीच्या घडांबरोबर व्हेनेटोरिया जगभरच्या बंदरांत पोहोचला आणि त्याला "बनाना स्पायडर" नाव पडलं. हेच नाव दक्षिण अमेरिकेतल्या फोन्यूट्रिया या खरोखर विषारी कोळ्यालाही आहे. आता करमाळ्याच्या केळीच्या बागेत घडावर कोळी दिसला, इंटरनेटवर "बनाना स्पायडर" शोधलं की समोर जीवघेण्या दंशाच्या गोष्टी येतात. फोन्यूट्रिया भारतात आढळत नाही. मोबाइल ॲपचंही तसंच: ते कधी कधी आयसोपेडा, होल्कोनिया असे ऑस्ट्रेलियातले वंश सुचवतात. सुचवलेलं नाव स्वीकारण्याआधी त्याचा आढळ कुठला आहे ते तपासा.

टॅरँटुलाशी होणारी गफलत दातांवरून सुटते. टॅरँटुलाचे विषदंत वरून खाली, एकमेकांना समांतर उतरतात. हंट्समनचे चिमट्यासारखे आडवे मिटतात.

हंट्समन चावला तर दुखतं, थोडी सूज येते. निरोगी माणसाच्या जिवाला त्याने धोका नसतो. अंगावर रात्रीत उठलेले जळजळणारे फोड "कोळी मुतला" म्हणून त्याच्या माथी मारले जातात. असे फोड अनेकदा पावसाळ्यात दिव्यावर येणाऱ्या पेडेरस भुंगेऱ्याच्या रसाने येतात, काही वेळा ती नागीण असते. डॉक्टरांना दाखवा आणि कोळ्याला चप्पल मारू नका. तो घरातली झुरळं खातो.

नमुना आणि नोंद बिघडवणं

नाव कळावं म्हणून कोळी मारायची गरज नाही. आपोआप मेलेला सापडला तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. सुकू दिला की त्याचे पाय आखडतात आणि स्पर्श करताच तुटतात. चिठ्ठी बाटलीच्या आत टाका आणि पेन्सिलने लिहा, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर गाव, ठिकाण, तारीख, कुठे बसला होता आणि कुणाला सापडला हे हवं. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय मेलेला कोळीही उचलू नका.

शास्त्रीय नाव लिहिताना कंस गाळू नका. हेटेरोपोडा व्हेनेटोरिया (लिनियस, १७६७) यातला कंस सांगतो की लिनियस या शास्त्रज्ञाने ही जात आधी दुसऱ्या वंशात, अरानिया म्हणून, नोंदली होती आणि ती नंतर हलवली गेली. ऑलिओसबाबत जुन्या पुस्तकावर अवलंबून राहू नका. या वंशात वर्षानुवर्षं नको तेवढ्या जाती कोंबल्या गेल्या होत्या, आणि २०२० पासूनच्या फेरमांडणीत त्यातल्या अनेक दुसरीकडे गेल्या. आजचं मान्य नाव वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगमध्ये, म्हणजे जगभरच्या कोळ्यांच्या ऑनलाइन यादीत, मोफत पाहता येतं. प्रौढ नमुना नसेल तर "ऑलिओस, जात अनिश्चित" असं लिहा. पुढे कुणी प्रौढ नमुना घेऊन आलं तर त्या नोंदीत भर घालता येते. अंदाजाने लिहिलेलं नाव मात्र यादीतून यादीत उतरत जातं आणि ते खोडायला कुणी मागे फिरत नाही.